भिंत रंगवायच्या आधी आम्हाला विचारा की! बेळगावच्या कॉलनी कमिट्यांना खुलं पत्र

बेळगावातल्या सगळ्या अपार्टमेंट, हाउसिंग कॉलन्या, सरकारी क्वार्टर्स आणि बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटमधल्या असोसिएशनचे अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटी मेंबर्स आणि 58 वॉर्डांतले आपले नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखत नाही पण तुमच्या कॉलनीची भिंत मी नक्की बघितली असणार. मी रोज टूव्हीलरवरून वडगाव, शहापूर, टिळकवाडी असं फिरत असते, कामच तसं आहे, आणि गेल्या काही वर्षांत कुठली भिंत कधी रंगवली, कुठली कधी पोपडे धरून सोलली हे माझ्या डोळ्यात आपोआप बसलंय. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं तेव्हा सगळ्यांसारखी मीपण खूष झालेली. तेव्हापासून भिंती रंगवायचं प्रमाण वाढलंय, सरकारी तर रंगतातच पण आता कॉलनीवालेपण मागं नाहीत, दिवाळी झाली की ग्रुपवर मेसेज येतो, यंदा कंपाउंडवर पेंटिंग करून घेऊया, कुणीतरी कोटेशन टाकतं, दोन चार अंगठे येतात आणि झालं पास. या पास होण्याच्या आधी एक काम राहून जातंय आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

आमच्या कॉलनीचं सांगते. सहा बिल्डिंगा आहेत, मधे मोकळी जागा, मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि गेटपासून टाकीपर्यंत लांब कंपाउंड. काही वर्षांपूर्वी कुणीतरी मोठे येणार होते म्हणून गडबडीत एक कॉन्ट्रॅक्टर आला, त्याची पोरं मोबाईलवरची चित्रं बघून तीन दिवसांत अख्खी भिंत रंगवून गेली. एक वाघ, एक पृथ्वी आणि तिच्याखाली दोन हात, नारळाची झाडं आणि समुद्र. समुद्र आपल्यापासून घाटाखाली, कारवारला जायचं म्हटलं तर सकाळी लवकर निघावं लागतं. पोरांनी मेहनत केली, त्यांना मी काही म्हणत नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी काढलं. पण सांगणाऱ्यानं आम्हाला विचारलं नव्हतं.

आणि त्या भिंतीवर आधी काय होतं ते कुणी बघितलंच नाही. गेटजवळ आमचे वॉचमन मामा बसतात, खानापूरकडचे आहेत, तेव्हा चौदा वर्षं झाली होती त्यांना इथं. दर दसऱ्याला पूजा झाली की ते कॉलनीतल्या सगळ्या पोरांना भिंतीला टेकून उभे करायचे आणि डोक्यावर पट्टी धरून कोळशानं रेघ मारायचे. नाव लिहायचे नाहीत, मामांना लिहिता येत नाही फारसं, प्रत्येक पोराची एक खूण ठरवलेली, कुणाचं फुल, कुणाची बॅट, कुणाचा मासा, माझ्या मुलाची पतंग. चौदा वर्षांच्या रेघा होत्या त्या. काही पोरं आता पुण्याला, बेंगळूरला नोकरीला आहेत, सुट्टीला आली की आधी गेटजवळ थांबून आपली खूण शोधायची. त्या सगळ्या रेघा समुद्राच्या खाली गेल्या. मामा त्या दिवशी सुट्टीवर गावाला गेल्ते. परत आले, सायकल लावली, भिंतीकडं बघत उभे राहिले आणि मला एवढंच म्हणाले, “ताई, माझी पोरं पुसली की हो.”

मला अजून ते आठवलं की गलबलून येतं. कमिटीनं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या डोळ्याला ती घाण भिंत होती, कोळशाचे डाग पडलेली. पण कॉलनीतल्या लोकांनी चौदा वर्षं मिळून काढलेलं चित्र होतं ते, आमचं खरं म्युरल तेच होतं. म्हणून माझं पहिलं मागणं, रंगाचा डबा उघडायच्या आधी भिंत वाचा. कोण टेकतं तिला, कोण तिच्यासमोर बसतं, पोरांनी स्टंप कुठं काढलेत, भाजीवाली मावशी टोपली कुठं ठेवते, नागपंचमीला कुठली बाई भिंतीवर नाग काढते, हे बघा. आणि पुसायच्या आधी निदान फोटो तरी काढून ठेवा.

तो वाघ दुसऱ्या पावसाळ्यात गेला. श्रावणात रंगाला फुगे आले, मग पोपडे, आणि नवरात्रापर्यंत पृथ्वीखालच्या हातांची बोटं गळाली. त्याचं कारण पुढं सांगते कारण ते सगळ्या बेळगावकरांच्या कामाचं आहे. पण त्यामुळं एक झालं, कॉलनीत विषय निघाला. टाकीची भिंत तरी आपण आपली करूया असं काही बायकांनी धरलं आणि मीटिंग बोलावली.

मीटिंग सोपी नव्हती हे मोकळेपणानं सांगते. आमच्याकडं मराठी घरं आहेत, कन्नड आहेत, तळमजल्यावर दोन मुसलमान कुटुंबं आहेत, एक गोव्याकडचं कोकणी बोलणारं घर आहे. कुणी म्हणालं शिवाजी महाराज काढूया, कुणी म्हणालं बसवण्णा, कुणी संगोळ्ळी रायण्णा, कुणी बाबासाहेब. आवाज चढले. मग एक जण म्हणाला चित्र नको, सुविचार लिहूया, तर लगेच कुठल्या भाषेत यावरून परत सुरू. आपल्या गावात अक्षर किती जड असतं हे मी तुम्हाला काय सांगायचं. 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, कागदावरचं ते एक अक्षर, पण कुठल्या घरात त्या दिवशी काय वाटलं ते त्या त्या घराला माहीत. बोर्डावर मराठी पाहिजे ही माझी मागणी आहे, होती आणि राहणार, आपल्या पोरांना आपली भाषा वाचता यावी, दुकानावर, बसवर, ऑफिसात दिसावी यासाठी जे भांडतात त्यांच्यासोबत मी आहे. पण टाकीच्या भिंतीपुढं आम्हाला पोरं खेळवायची होती आणि तिथं शेजाऱ्याला हरवून मला काय मिळणार होतं?

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का, धारवाडकडच्या, शाळेत शिक्षिका होत्या, त्या उठल्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, मोठ्या माणसांना चिखल उडतो तिथं उभं करू नका. तेवढंच. आणि ते पटलं सगळ्यांना. खरं आहे की. कंपाउंडला गाड्या घासतात, पावसात चिखल उडतो, लोक पान थुंकतात. कुणी लघवी करू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावायची पद्धत पण मला कधीच आवडलेली नाही, देवाला राखणीला बसवायचं आणि तेही अशा कामाला. तर असं ठरलं की माणूस नको, देव नको, अक्षर नको. मग काय? तर प्रत्येक घरानं एक वस्तू आणायची. घरातली, जुनी, जी आपली वाटते अशी.

पुढच्या रविवारी जे जमलं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. पहिल्यांदा आली ती पितळेची मांड्याची परात आणि कुंद्याची कढई, अर्थात, बेळगाव म्हटल्यावर. एकानं गोकाकची लाकडी खेळणी आणली, रंगवलेली केळी आणि पेरू, त्याच्या आजोबांनी घेतलेली. खालच्या मजल्यावरच्या चाचींनी मेंदीची वही आणली, त्यांच्या आईनं शाईच्या पेनानं काढलेले नमुने होते तिच्यात. पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याचा फोटो आणला, माती, दगड, पोती घालून केलेला, कारण किल्ला म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोरांचा जीव आणि खरं सांगते, मूर्तिकाम, नकाशा, पाणी कसं वाहवायचं हे सगळं ती पोरं दर वर्षी कुणी न शिकवता करतात. एका घरातून मातीचे बैल आले. आणि मग तीन वेगवेगळ्या घरांतून तीन बायका एकच वस्तू घेऊन आल्या. इरकल.

इथं मला जरा थांबू द्या. मी वडगावच्या विणकर घरातली. आई कांड्या भरायची, आधी हातमाग होता, नंतर पॉवरलूम आले, रात्री खडखड थांबली की झोप लागायची नाही अशी आमची सवय. आमच्या गल्लीत निम्मे विणकर कन्नड बोलायचे, निम्मे मराठी आणि सूत तुटलं की दोघंही एकच शिवी द्यायचे. इरकल आपल्याकडं कुणाची? बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ती साडी, पण माझ्या आजीनं जन्मभर तीच नेसली, मराठी आजीनं, आणि अक्कांच्या आईनं पण तीच. तिचा पदर लाल, त्यात पांढरे दाते असतात, टोप तेनी म्हणतात त्याला. आणि तिची खरी कारागिरी अशी की पदराचा ताणा (उभं सूत) वेगळा आणि अंगाचा ताणा वेगळा असतो, विणायच्या आधी दोन्हीकडच्या सुतांचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. एका बाजूचा फासा निघाला तर दोन्ही बाजू सुटतात. त्यावर धारवाडकडच्या बायका कसूतीचं भरतकाम करतात, गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, आणि उलट्या बाजूला गाठ दिसत नाही. चोळीला खण गुळेदगुड्डचा. हे सगळं मराठी बाईनं पण नेसलं आणि कन्नड बाईनं पण, सीमा कुठून जाते हे त्या साडीला कुणी सांगितलं नव्हतं.

तर टाकीच्या भिंतीवर इरकलचा काठ आणि पदर घ्यायचा ठरलं, तिन्ही साड्या दोरीला टांगून सगळ्यांनी बघितल्या आणि बाकीच्या वस्तू त्या काठाच्या आत कसूतीसारख्या बसवायच्या.

आता एवढी मोठी भिंत, आम्ही कुणी आर्टिस्ट नाही, चित्र मोठं करायचं कसं? एका मुलीनं ड्रॉइंगची हायर परीक्षा दिलेली, तिनं ग्रिड सांगितला, छोट्या कागदावर चौकटी, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी, एकेक चौकट उतरवायची. बायका म्हणाल्या हे तर ठिपक्यांचं आहे की! दारात एकवीस ते एकवीसची रांगोळी काढणारीला ग्रिड शिकवावा लागत नाही. सुतळीला गेरू लावून भिंतीवर झटका मारून सरळ रेघा उठवल्या, गवंडी मारतात तसं, आणि बघता बघता आमच्या साठीच्या काकू शिडीजवळ उभ्या राहून पोरांना सांगत होत्या, “तिसरा ठिपका सोड, चौथ्याला मिळव, काय करुलालास बे, ते हत्तीचं सोंड हाय!” मला वाटतं कॉलनीत लपलेलं हे शिक्षण बाहेरून आणलेल्या कुठल्याच माणसाकडं नसतं.

बाहेर कुठं कुठं काय झालंय ते मी नंतर वाचलं, थोडं सांगते कारण कमिट्यांना उदाहरण लागतं. दिल्लीत लोधी कॉलनी आहे, सरकारी नोकरांची, तिथं स्टार्ट इंडिया फाउंडेशननं देशोदेशीच्या कलाकारांकडून भिंती रंगवून घेतल्या, आता लोक फोटो काढायला जातात. सुंदर आहे. पण मला जास्त जवळचं वाटलं ते चेन्नईचं कण्णगी नगर, गावाबाहेर नेऊन बसवलेल्या कुटुंबांची वसाहत, 2020 मध्ये तिथल्या उंच भिंतींवर मोठी चित्रं झाली, तिथल्याच हसणाऱ्या पोरींचे चेहरे. ज्या वसाहतीचं नाव सांगितलं की लोक तोंड वाकडं करायचे तिथल्या पोरी तीन मजली उंच झाल्या. आणि अमेरिकेत लॉस एंजेलिसला एस्ट्राडा कोर्ट्स म्हणून मेक्सिकन वंशाच्या लोकांची सरकारी हाउसिंग आहे, 1970 च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी, तरुण पोरांनी स्वतः बिल्डिंगच्या बिनखिडकीच्या भिंती रंगवल्या, डझनावारी, स्वतःच्या इतिहासानं, आणि त्यातल्या काही अजून आहेत. ही माणसं पण सीमेजवळची, दोन भाषांच्या मधली, म्हणून मला ते वाचताना आपलीच आठवण येत होती.

पण खरा शोध लागला तो फिलाडेल्फियाचा. तिथं 1984 मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांनाच रंगकामाला लावायचं म्हणून नगरपालिकेनं काम सुरू केलं, जेन गोल्डन नावाच्या चित्रकार बाई त्यात आल्या आणि आज त्या शहरात हजारो म्युरल्स आहेत. त्यांची एक पद्धत आहे. चित्र थेट भिंतीवर काढतच नाहीत. पॅराशूट क्लॉथ म्हणतात असं पातळ न विणलेलं कापड असतं, त्याचे चौकोनी तुकडे करतात, त्यावर रेषा आणि नंबर छापलेले, कुठल्या नंबरात कुठला रंग ते लिहिलेलं, मग ते तुकडे शाळेत जातात, म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये जातात, तुरुंगात पण जातात, तिथं माणसं बसून रंगवतात आणि सगळे तुकडे आले की ॲक्रिलिक जेलनं भिंतीवर चिकटवतात. दहा फुटांवरून जोड दिसत नाही म्हणे.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं तर आपला पाऊस. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे आपल्या गावाला ते उगाच नाही, जून ते सप्टेंबर परांची बांधायची सोयच नाही, तेव्हा माणसं घरात बसून असतात, पोरं कंटाळलेली असतात, आजी-आजोबांना खाली उतरता येत नाही. ते चार महिने हॉलमध्ये कापडावर रंगवायचं आणि भिंत सुकली की नोव्हेंबरनंतर चिकटवायचं. शिडीवर चढू न शकणाऱ्या माणसाचा पण एक चौकोन भिंतीवर जातो. आम्ही हे अजून केलेलं नाही, टाकीची भिंत थेटच रंगवली, पण त्यात गुडघे दुखणाऱ्या चार आजी नुसत्या खुर्चीवर बसून बघत राहिल्या हे मला लागून राहिलंय. पुढच्या वर्षी करायचंच आहे, तुमच्यातलं कुणी आधी केलं तर मला बघायला बोलवा.

आता पैसे आणि माणूस. प्लीज, कोटेशन मागवताना आपल्या गावातल्या बोर्ड पेंटरना विसरू नका. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. ही अशी माणसं आहेत की एका सकाळी कन्नड, दुपारी मराठी, संध्याकाळी उर्दू अक्षर हातानं काढायची, दुकानाच्या शटरवर, ट्रकवर, लग्नाच्या मांडवावर. आमच्या भिंतीची मेन रेषा अशाच एका काकांनी मारली, सत्तरीचे आहेत, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या चित्ररथांचे पडदे त्यांनी तीस वर्षं रंगवलेत. त्यांना रोजच्या हजेरीनं पैसे दिले, घरटी वर्गणी काढून, आणि ते द्यायलाच पाहिजेत, कलेचं काम आहे म्हणून फुकटात करा असं म्हणू नका कुणाला. ज्या गावात के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार शिकवत होते आणि ज्यांच्या हाताखाली 1935 साली याच गावात जन्मलेले रवी परांजपे तयार झाले, त्या गावाला भिंतीसाठी गूगलवरचा वाघ का लागावा?

तो वाघ का गेला ते आता सांगते, त्या पेंटर काकांनीच समजावलं मला. दोष रंगाचा नव्हता, भिंत ओली होती. आपल्याकडची जुनी कंपाउंड जांभ्या दगडाची किंवा साध्या विटेची, पायातून पाणी वर ओढतात, शिवाय वरच्या बाजूला उतार नाही, त्यामुळं पाणी वरून पण आत जातं. त्यावर प्लास्टिकसारखा बंद रंग मारला की आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, ते रंगाला ढकलतं, सोबत खार घेऊन येतं, ती पांढरी पावडर बघितली असेल तुम्ही. पुट्टी मारून ते झाकत नाही, वाढतं. तर आधी भिंतीच्या वरच्या कडेला उतार देऊन सिमेंटचं टोपण करायचं, पायाजवळ साठणाऱ्या पाण्याला गटाराची वाट करून द्यायची, खार तारेच्या ब्रशनं कोरडा खरवडायचा, पाण्यानं धुवायचा नाही कारण तो परत आत जातो. नवीन गिलावा केला असेल तर महिनाभर तरी हात लावायचा नाही, ताज्या सिमेंटचा चुना रंग खातो. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि त्यावर एक्स्टिरिअरचा रंग, आतल्या भिंतीचा डिस्टेंपर नाही, तो स्वस्त पडतो म्हणून मारतात आणि पहिल्या वळवात वाहून जातो. आणि रंग निवडताना भडक गुलाबी, लिंबू पिवळा हे उन्हात लवकर उडतात, गेरूचा लाल, पिवडीचा पिवळा, काळा, पांढरा हे टिकतात कारण ते मातीचे, लोखंडाच्या गंजाचे, खनिजांचे रंग आहेत. योगायोग बघा, इरकलचे पण जवळजवळ हेच रंग. घाटाखाली कोकण-गोव्यातल्या देवळांवर कावी काम असतं, पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन कोरलेलं, ते वर्षानुवर्षं पाऊस खात उभं आहे, त्यांनी रंग वरून फासला नाही, गिलाव्यातच घातला. आणि जिथं ओल थांबतच नाही तिथं रंगाचा हट्ट सोडून खानापूरची माती वापरा. कौलं, कुंभारकाम यासाठी खानापूर ओळखलं जातं, भाजलेल्या मातीचे तुकडे, फुटकी कौलं, फुटक्या कपबश्या घेऊन पोरांकडून मोझॅक करून घ्या, ते पावसात उलट उजळतं.

परवानगीचं थोडक्यात. भिंत कॉलनीची असेल तर जनरल बॉडीचा ठराव लिहून ठेवा. रस्त्याकडची, शाळेची, सरकारी असेल तर लेखी पत्र घ्याच, सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध कर्नाटकात 1981 पासून कायदा आहे आणि तुमचा हेतू चांगला होता हे नंतर समजावत बसावं लागू नये. पुसायच्या बाबतीत पण एक आठवण करून देते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं मोठं ब्राँझचं म्युरल दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं, ते 1979 मध्ये काढून टाकलं, ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, म्युरल परत द्या आणि पाच लाख भरपाई द्या म्हणून. मालक भिंतीचा असला तरी चित्र करणाऱ्याचा त्या चित्राशी संबंध संपत नाही. आमच्या वॉचमन मामांना कोर्ट माहीत नाही, पण “माझी पोरं पुसली” म्हणताना ते हेच सांगत होते.

नगरसेवकांना वेगळं सांगायचंय. स्लम बोर्डाच्या बिल्डिंगा, पोलीस क्वार्टर्स, सफाई कामगारांच्या वसाहती, तिथं कमिटी नसते, ग्रुप नसतो, तिथं कुणाला विचारायचं असा प्रश्न पडतो आणि म्हणून कुणालाच विचारलं जात नाही. सकाळी पाण्याच्या नळावर जा, सगळं कळतं. आणि तिथल्या बायका जर म्हणाल्या की आधी ड्रेनेज करा, जिन्यात लाइट लावा, तर ते आधी करा आणि त्यानंतर रंगाचं विचारा. तुंबलेल्या गटारावर मोर काढलेला मी बघितलाय, त्या मोराकडं बघून तिथली बाई काय म्हणाली ते मी इथं लिहू शकत नाही. मीटिंगची नोटीस मराठीत पण लिहा, कन्नडमध्ये पण, उर्दूत पण, भिंतीवर अक्षर नसलं तरी बोलावणं प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

आमची भिंत कशी झाली ते विचाराल. एकवीस दिवस लागले, रविवार आणि संध्याकाळी धरून. सरळ नाही झाली सगळी, एका हत्तीला पाच पाय आहेत, ते बारक्या पोरांच्या चौकोनात होतं आणि कुणी दुरुस्त करू दिलं नाही. चाचींच्या मेंदीचा वेल टाकीला पूर्ण वेढा घालून परत सुरुवातीला येऊन मिळतो. खालच्या कोपऱ्यात ज्यांनी हात लावला त्यांच्या सह्या आहेत, ज्याची त्याच्या लिपीत, तेवढीच अक्षरं आहेत अख्ख्या भिंतीवर, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा. पहिल्या संध्याकाळी अक्का खाली आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बाळ चलो आगेद री.” (फार छान झालंय.) भाषांतर कुणी मागितलं नाही.

आणि गेटच्या बाजूला इरकलचा काठ खालून वर सरळ उभा घेतलाय, त्यातल्या प्रत्येक दात्याचं अंतर मोजून ठेवलेलं. गेल्या दसऱ्याला मामांनी परत पोरं उभी केली. ज्यांचे जुने फोटो घरात सापडले त्यांच्या जुन्या रेघा पण आम्ही मोजून परत मारल्या, सगळ्या नाही मिळाल्या, सात पोरांच्या मिळाल्या. माझ्या मुलाची पतंग मिळाली, पाच वर्षांचा असतानाची, मामांनी ती स्वतःच्या हातानं काढली.

तर यंदाचा पाऊस ओसरला की रंगाचं कोटेशन मागवायच्या आधी एक करा, अर्ध्या रुपयाचं काम आहे. वीतभर चौकोनी प्लास्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी टेप लावून रात्री तुमच्या भिंतीला चिकटवा, दोन रात्री राहू दे. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगाला थांबा. तेवढ्या दिवसांत घराघरात जाऊन विचारून होईल.

तुमचीच,
वडगावच्या विणकराची लेक, टाकीच्या भिंतीसमोर राहणारी